काढा, आसव आणि शिरका

म्हैसूरची थंडी नागपूरच्या किंवा पुण्याच्या थंडीसारखी बोचरी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात ऐन डिसेंबर-जानेवारीतही पहाटेचा पारा साधारणतः १६ अंशांच्या आसपास राहतो, आणि दहा वाजण्याच्या सुमारास इतके प्रसन्न ऊन पडते की सकाळी अंगावर घेतलेल्या शालीची आपली आपल्यालाच लाज वाटावी. परंतु दसऱ्याचा थाट संपून दिवाळी मागे पडली की येथेही घरोघर शिंका, खोकला आणि बसलेले आवाज ऐकू येऊ लागतात. याचे खापर आपण थंडीवर फोडतो. वास्तविक सर्दी होते ती विषाणूंमुळे. या विषाणूंचे दोनशेहून अधिक प्रकार आजवर ज्ञात झालेले आहेत, आणि त्यांपैकी सर्वांत मोठ्या कुळाची, म्हणजे ऱ्हायनोव्हायरसची, ओळख शास्त्रज्ञांना १९५० नंतरच्या दशकात पटली. थंडीच्या दिवसांत आपण दारे-खिडक्या लावून एकमेकांच्या निकट बसतो, आणि थंड व कोरड्या हवेत नाकाचे नैसर्गिक संरक्षण काहीसे दुर्बल होते. विषाणूला एवढी संधी पुरेशी असते.

अशा वेळी म्हैसूरच्या घरात चुलीवर जे पातेले चढते, त्याला आपले कन्नड शेजारी ‘कषाय’ म्हणतात. धने, जिरे, मिरे आणि सुंठ भाजून केलेली पूड पाण्यात उकळायची, गूळ घालायचा, आणि बहुधा शेवटी थोडे दूध. नोकरीच्या निमित्ताने येथे आलेल्या मराठी कुटुंबाला हा पदार्थ मुळीच परका वाटत नाही. गवती चहा, आले, तुळस आणि मिरे यांचा आपला काढा तो हाच. नाव निराळे, पण कषाय हा शब्द संस्कृतातला आणि काढा हाही संस्कृत क्वाथाचा वंशज. दोन भाषांच्या स्वयंपाकघरांनी एकाच वैद्यकाचा वारसा आपापल्या परीने राखला आहे. या नगरात त्या वैद्यकाला राजाश्रयही लाभला. १९०८ साली येथे आयुर्वेदाचे सरकारी विद्यालय निघाले, तेव्हा गादीवर नाल्वडी कृष्णराज वडेयर होते आणि दिवाणपदी होते तंजावरच्या मराठी परंपरेतले व्ही. पी. माधवराव.

अलीकडे मात्र पातेल्याच्या शेजारी आणखी एक वस्तू येऊन बसली आहे. ती म्हणजे आले, लसूण, मिरे, तुळस इत्यादी द्रव्ये शिरक्यात मुरवून केलेली बाटली. शिरका म्हणजे व्हिनेगर. थंडीच्या आधी ही बाटली भरून ठेवावी आणि सर्दीची चाहूल लागताच दोन चमचे गरम पाण्यातून घ्यावेत, अशी तिची रीत. कोणी तिला टॉनिक म्हणतात, कोणी रामबाण उपाय म्हणतात, आणि कोणी पाश्चात्त्यांचे फॅड म्हणून नाक मुरडतात. या तिन्ही मतांपैकी कोणतेही पूर्णतः खरे नाही. ही बाटली नेमकी काय आहे, ती कशी करावी, तिच्यापासून किती अपेक्षा ठेवावी आणि कोणत्या वेळी ती बाजूला सारावी, याचा थोडा नीट विचार आज करावयाचा आहे.

प्रथम मूळ अडचण पाहू. काढा ही वस्तू गुणी खरी, पण अल्पायुषी. चार पेले पाणी आटवून एक पेला उरवावे, गाळावे, आणि प्यावे. तो सकाळी केला तर रात्रीपर्यंत टिकतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला वास येऊ लागतो. कारण उघड आहे. वनस्पतीतील साखर, पिष्ट आणि इतर द्रव्ये पाण्यात उतरली म्हणजे ते पाणी आपल्याइतकेच जंतूंनाही पोषक होते. शिवाय उकळताना वाफेबरोबर काही सुगंधी तेले उडून जातात. तुळशीचा काढा करताना घर दरवळते. तो दरवळ म्हणजे पातेल्यातून निघून गेलेला तुळशीचा अंश होय. तेव्हा वनस्पतीचा अर्क काढावा कसा आणि काढलेला अर्क टिकवावा कसा, हे दोन प्रश्न वैद्यकापुढे प्राचीन काळापासून उभे आहेत.

आपल्या पूर्वजांनी त्यांची दोन उत्तरे शोधली. पहिले आसव-अरिष्टांचे. शार्ङ्गधरसंहितेत यांचा भेद स्पष्ट केलेला आहे. औषधी न उकळता पाण्यात घालून आंबवली तर आसव, आणि आधी काढा करून मग आंबवला तर अरिष्ट. गूळ किंवा मध, आणि धायटीची फुले घालून घट बंद करून ठेवला म्हणजे आतल्या आत मद्यार्क तयार होतो. हा मद्यार्क थोडा असतो, सामान्यतः पाच ते दहा टक्के. पण तेवढ्याने औषधीतील गुणद्रव्ये खेचलीही जातात आणि टिकतातही. द्राक्षासव, दशमूलारिष्ट ही नावे मराठी घरांना परिचित आहेत. परंतु आंबवण्याची ही क्रिया अचूक साधणे हे वैद्यशाळेचे काम आहे. घरात ती करू जाता कधी मद्य होते, कधी आंबट पाणी, आणि कधी बुरशीचा गोळा. अबकारी कायद्याचा प्रश्न निघतो तो वेगळाच.

दुसरे उत्तर आम्लाचे. आयुर्वेदात शुक्त आणि चुक्र या नावांनी आंबवलेल्या आम्ल द्रवांचे वर्णन आहे. धान्याची कांजी तर सर्वश्रुत आहे. हीच कल्पना पश्चिमेकडेही स्वतंत्रपणे रुजली. हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत शिरका आणि मध यांचे मिश्रण छातीतला कफ सुटावा म्हणून देण्यास सांगितले आहे. इराणात त्यालाच सिकंजबीन हे नाव मिळाले. सिरका म्हणजे शिरका आणि अंगबीन म्हणजे मध, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ. युनानी हकिमांबरोबर सिकंजबीन हिंदुस्थानात आले आणि शिरका हा शब्दही आपण फारसीतूनच घेतला. गोव्यात माडाच्या सुरेपासून केलेला शिरका स्वयंपाकात पूर्वापार चालत आलेला आहे, आणि उत्तरेत उसाचा व जांभळाचा शिरका होतो. तेव्हा शिरक्याच्या बाटलीला परकी म्हणून हिणवण्याचे कारण नाही.

आज जी बाटली चर्चेत आहे तिचे अलीकडचे रूप मात्र अमेरिकेतून आले आहे, हेही खरे. रोझमेरी ग्लॅडस्टार नावाच्या वनौषधितज्ज्ञ बाईंनी १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात आपल्या विद्यार्थ्यांना ते शिकवले आणि त्याला ‘फायर सायडर’ असे नाव दिले. पुढे एका व्यापारी कंपनीने हे नाव आपल्या मालकीचे म्हणून नोंदवून घेतले, तेव्हा मोठा वाद माजला, आणि २०१९ साली मॅसॅच्युसेट्समधील संघराज्य न्यायालयाने निर्णय दिला की हे एका पदार्थाचे सर्वसामान्य नाव आहे, त्यावर कोणाचीही मालकी असू शकत नाही. ज्याने त्याने आपल्या परसातले आणि आपल्या बाजारातले जिन्नस वापरून ते करावे, हाच त्याचा स्वभाव आहे.

आता शिरका म्हणजे काय हे पाहू, कारण पुढची सर्व काळजी त्यावर अवलंबून आहे. शिरका दोन पायऱ्यांनी होतो. पहिल्या पायरीत यीस्ट हे सूक्ष्मजीव फळाच्या किंवा उसाच्या रसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करतात. या क्रियेला हवा लागत नाही. दुसऱ्या पायरीत निराळे जंतू, हवेच्या साहाय्याने, त्या मद्यार्काचे अॅसेटिक आम्ल बनवतात. म्हणूनच मद्याची उघडी राहिलेली बाटली आंबते. लुई पाश्चरने या क्रियेचा अभ्यास करून १८६८ साली शिरक्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. शिरक्यावर कधी कधी जो सायीसारखा चिवट पापुद्रा धरतो तो याच जंतूंचा होय, आणि तो निरुपद्रवी असतो.

बाजारात मात्र दोन जातींचा शिरका मिळतो. एक असा आंबवून केलेला, आणि दुसरा कारखान्यात तयार झालेल्या अॅसेटिक आम्लात पाणी घालून केलेला. दुसऱ्यावर तो कृत्रिम असल्याचा निर्देश छापणे कायद्याने आवश्यक आहे. आपल्या देशातील अन्नमानकांप्रमाणे शिरक्यात निदान ३.७५ टक्के अॅसेटिक आम्ल असावे लागते. आपल्या कामासाठी आंबवून केलेला, आणि बाटलीवर ५ टक्के आम्लता लिहिलेला शिरका घ्यावा. तो सफरचंदाचाच हवा असे नाही. उसाचा किंवा जांभळाचाही चालतो. घरी केलेला शिरका चवीला कितीही तिखट आंबट लागला, तरी त्याची आम्लता किती हे जिभेला कळत नाही. म्हणून तो कोशिंबिरीत वापरावा, औषधी मुरवण्यासाठी नव्हे. प्रयोगशाळेत मिळणारे तीव्र अॅसेटिक आम्ल घरात आणून त्यात पाणी घालण्याचा उद्योग तर कोणीही करू नये. त्याने त्वचा, डोळे आणि अन्ननलिका भाजते.

जिन्नस जमवण्यासाठी म्हैसूरकरांना फार दूर जावे लागत नाही. देवराज मार्केटमध्ये आले, लसूण, मिरे आणि दालचिनी एका फेरीत मिळतात. मिऱ्यांचे आणि आल्याचे मळे असलेला कोडगू जिल्हा तर शेजारीच आहे. तुळस दारात असते. आणि येथल्या बहुतेक अंगणांत कुंडीत वाढणारी एक जाड, लवदार पानांची वनस्पती असते, जिला कन्नडमध्ये ‘दोड्डपत्रे’ म्हणतात. आपण तिला पानओवा म्हणतो. पान चुरगळले की ओव्याचा वास येतो म्हणून हे नाव. लहान मुलाला खोकला झाला की येथील आजीबाईंचा हात प्रथम या पानाकडे जातो.

एक लिटरच्या बरणीचे प्रमाण असे ठेवावे. आले १०० ग्रॅम, लसूण ५० ग्रॅम, एक लहान कांदा सुमारे ५० ग्रॅमचा, दोन हिरव्या मिरच्या, तुळशीची मूठभर पाने, पानओव्याची सात-आठ पाने, अर्धवट कुटलेले मिरे एक चहाचा चमचा आणि दालचिनीचा बोटभर तुकडा. यावर ५ टक्के आम्लतेचा शिरका ७०० मिलिलिटर. सर्व ओले जिन्नस वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावेत, फडक्यावर पसरून कोरडे करावेत आणि मगच चिरावेत. आले किसण्यापेक्षा पातळ चकत्या कराव्यात, म्हणजे गाळताना त्रास होत नाही. बरणी काचेची असावी आणि ती उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेली असावी.

पितळ, तांबे आणि अॅल्युमिनियम यांचा या कामाशी कोठेही संबंध येऊ देऊ नये. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या आया-आज्यांना ठाऊक होते. शिरका तर ताकाच्या कितीतरी पट आम्ल. बरणीचे झाकण धातूचे असेल तर आधी तोंडावर जाड कागदाचा तुकडा ठेवून मग झाकण लावावे, अन्यथा गंज उतरतो. लोणच्याच्या बरणीला बांधतो तसा नुसता दादरा येथे पुरत नाही, कारण सुगंधी तेले उडू नयेत हाच तर आपला हेतू आहे.

सर्व जिन्नस शिरक्याखाली बुडालेले असले पाहिजेत. पानांचा स्वभाव वर तरंगण्याचा. म्हणून वर एखादी लहान काचेची वाटी दाबून ठेवावी. जे शिरक्याबाहेर राहील त्यावर बुरशी धरते. बरणी उन्हात न ठेवता अंधाऱ्या फडताळात ठेवावी आणि रोज एकदा हलवावी. तीन ते चार आठवड्यांनी फडक्यातून गाळून घ्यावी. लसूण कधी कधी हिरवट-निळसर होतो. त्याने घाबरून जाऊ नये. लसणातील गंधकयुक्त द्रव्यांची आम्लाशी क्रिया झाल्याने हा रंग येतो, आणि तो अपायकारक नाही. परंतु बुरशी, चिकट तार किंवा कुजका वास आढळला, तर वरचा भाग काढून उरलेले वापरण्याची काटकसर न करता सगळी बरणी ओतून द्यावी.

गाळलेल्या सुमारे ७०० मिलिलिटर द्रवात १५० ग्रॅम मध ढवळावा आणि बाटली शीतकपाटात ठेवून तीन-चार महिन्यांत संपवावी. मध आरंभी न घालता अखेरीस घालावा, याला कारण आहे. आरंभी घातल्यास आम्लता उतरते, आणि मुरण्याच्या काळात आम्लता पुरेशी असणे हेच आपले संरक्षण आहे.

हा मुद्दा थोड्या हिशेबाने स्पष्ट करतो. ७०० मिलिलिटर शिरक्यात ५ टक्क्यांप्रमाणे ३५ ग्रॅम आम्ल असते. आपण घातलेल्या आले-लसूण-पानांतून सुमारे २०० मिलिलिटर पाणी शिरक्यात मिसळते. म्हणजे तेच ३५ ग्रॅम आम्ल आता ९०० मिलिलिटरमध्ये पसरले. आम्लता उतरून सुमारे ३.९ टक्के झाली. शिरका अर्धा आणि पाणी अर्धे घालणाऱ्याच्या बरणीत ती दोन टक्क्यांच्याही खाली जाते. आले आणि लसूण मातीत वाढतात, आणि मातीत बोट्युलिझम नावाच्या विषबाधेला कारण होणाऱ्या जंतूंची बीजे असतात. हवाबंद, ओलसर आणि आम्लरहित जागी ती रुजतात, आणि त्यांचे विष अत्यंत घातक असते. पीएच नावाचा जो आम्लतेचा अंक आहे, तो ४.६ च्या खाली असेल तर ही बीजे रुजू शकत नाहीत. नीट केलेल्या शिरक्यात तो तीनच्या आसपास राहतो. याच कारणासाठी कच्चा लसूण तेलात बुडवून दिवसेंदिवस बाहेर ठेवणे धोक्याचे, आणि तोच लसूण शिरक्यात सुरक्षित. जिन्नस आवडीप्रमाणे बदलावेत. शिरक्यात मात्र पाणी घालू नये.

हळदीविषयी एक शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक ठिकाणी ती या बाटलीत घातली जाते. हळदीने रंग सुंदर येतो यात संशय नाही. परंतु तिच्यातील ज्या कर्क्युमिन द्रव्यासाठी आपण ती घालतो, ते पाण्यात किंवा शिरक्यात जवळजवळ विरघळत नाही. ते स्निग्ध पदार्थात विरघळते. रात्री साय असलेल्या गरम दुधात हळद घालून देण्याची आपल्या घरांतील पद्धत या दृष्टीने अधिक योग्य आहे.

घेण्याचे प्रमाण चहाचे दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर, एक पेलाभर कोमट पाण्यातून, जेवणानंतर, दिवसातून एकदा, फार तर दोनदा. एवढ्या मात्रेत आम्ल सुमारे एक तृतीयांश ग्रॅम जाते. अर्ध्या लिंबाच्या सरबतात याहून अधिक आम्ल असते. शिरका तसाच, पाण्याशिवाय, घोटाघोटाने पिण्यात काही लोक पुरुषार्थ मानतात. त्याने घसा आणि अन्ननलिका पोळते आणि दातांवरचे कवच झिजते. पेला संपल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, आणि पुढचा अर्धा तास दात घासू नयेत, कारण आम्लाने मऊ झालेले कवच ब्रशाने अधिक खरवडले जाते.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. याने सर्दी बरी होते काय? स्पष्ट उत्तर असे की, होत नाही. सर्दीचा विषाणू नाकाच्या आणि घशाच्या पेशींत वाढतो. शिरका जातो पोटात, जेथे त्याच्यापेक्षा प्रखर आम्ल आधीच आहे. शिरक्याने सर्दीचे दिवस कमी होतात असे दाखवणारा भरवशाचा पुरावा आज उपलब्ध नाही. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत आपोआप ओसरते, आणि आठव्या दिवशी बरे वाटले की त्याचे श्रेय सातव्या दिवशी जे घेतले असेल त्याला मिळते. कित्येक औषधांची कीर्ती अशीच वाढलेली आहे.

मग ही खटपट कशासाठी? बरे वाटणे आणि बरे होणे या दोन गोष्टी वेगळ्या असल्या, तरी बरे वाटण्यालाही किंमत आहे. आले, मिरे आणि मिरची यांच्या तिखटपणाने नाक-डोळ्यांतून पाणी वाहू लागते आणि चोंदलेले नाक क्षणभर मोकळे वाटते. कोमट पाण्याने घसा शेकतो. मधाने घशाला मऊपणा येतो. मुलांचा रात्रीचा खोकला मधाने काही अंशी कमी होतो, असे चाचण्यांतही दिसून आले आहे. तोंडाची चव गेलेल्या माणसाला आंबट-तिखट घोटाने जेवावेसे वाटते. आणि दोन पेले अधिक पाणी पोटात जाते, हा लाभही लहान नाही. काढ्याचे गुण तरी याहून निराळे कोठे आहेत? फरक एवढाच की रात्री अकरा वाजता ताप आलेल्या घरात कोणाला पातेले चढवत बसावे लागत नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसाच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे.

परंतु हे पेय सर्वांसाठी नाही. एक वर्षाखालील मुलाला मध चाटवणे ही आपल्याकडील जुनी रूढी आहे, आणि ती सोडलीच पाहिजे. मधात त्याच बोट्युलिझमच्या जंतूंची बीजे असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यांत ती रुजत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यांत रुजून त्याच्या स्नायूंचे बळ आणि श्वासही हरपू शकतो. शिरक्यातील आम्लाने ही बीजे मरतात असे मानू नये. ती रुजत नाहीत एवढेच. ज्यांना आम्लपित्ताचा किंवा जठरव्रणाचा त्रास आहे, ज्यांचे मूत्रपिंड दुर्बल आहे, जे मधुमेहासाठी इन्सुलिन वा गोळ्या घेतात, ज्यांना लघवी वाढवणारी किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू आहेत, त्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज ही बाटली उघडू नये. आले आणि लसूण स्वयंपाकात असतात तेवढे निरुपद्रवी; औषध म्हणून रोज घेतले की त्यांनाही औषधाचे नियम लागू होतात.

याहूनही गंभीर असा एक धोका आहे, आणि तो बाटलीतील कोणत्याही द्रव्यात नाही. तो आहे दिरंगाईत. म्हैसूरमध्ये १९२१ पासून क्षयरोग्यांसाठी एक रुग्णालय आहे. राजघराण्यातील कृष्णाजम्मण्णी या राजकन्येचे नाव त्याला दिलेले आहे. तिला या रोगानेच ग्रासले होते. उत्तमोत्तम वैद्य आणि डॉक्टर हाताशी असलेल्या राजवाड्यातही त्या काळी क्षयापुढे इलाज चालला नाही, कारण त्यावरचे औषध तोवर निघालेच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो १९४३ साली. आज ती परिस्थिती नाही. क्षयावर खात्रीचे औषध आहे, आणि सरकारी केंद्रांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. त्या रोगाची सुरुवात मात्र आजही पूर्वीसारखीच होते, साध्या खोकल्याने. त्या राजकन्येच्या काळी रोग ओळखूनही माणूस वाचत नसे. आता ओळखण्यास उशीर केला तरच बहुधा गमावतो. कषाय, काढा आणि शिरका यांच्या भरवशावर महिना-महिना काढलेला खोकला हा असा उशीर असतो.

म्हणून बाटलीवर चिठ्ठी लावताना तारखेखाली आणखी चार ओळी लिहून ठेवाव्यात. खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकीची तपासणी. ताप तीन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टर. धाप लागली, छातीत दुखले, थुंकीत रक्त दिसले किंवा ओठ निळसर झाले तर त्याच घटकेला रुग्णालय. लहान मूल दूध पीत नसेल, किंवा श्वास घेताना त्याच्या फासळ्या आत ओढल्या जात असतील, तर घरगुती उपायात एक मिनिटही दवडू नये. कचेरीत प्रत्येक प्रकरणावर पुढील कार्यवाहीची तारीख घालण्याची शिस्त असते. घरातल्या आजारपणालाही ती असावी.

आपल्या जुन्या घरांतील आजीबाईंचा बटवा आपण मोठ्या कौतुकाने आठवतो, आणि त्यातील सुंठ, वेखंड, जायफळ यांची नावे घेतो. पण आजीचे खरे ज्ञान त्या जिनसांत फारसे नव्हते. नातवाच्या कपाळावर हात ठेवून, त्याच्या श्वासाकडे कान देऊन, हा खोकला काढ्याचा की वैद्याला बोलावण्याचा, हे ती ओळखत असे, आणि ओळखले की लाजत किंवा वेळ काढत बसत नसे. शिरक्याची बाटली तिच्या बटव्याशेजारी खुशाल ठेवावी. नीट मापाने केलेली, स्वच्छ ठेवलेली आणि पाण्यात मिसळून घेतलेली ही बाटली थंडीच्या दिवसांत चार घटका आराम देईल. तेवढ्यासाठी ती करावी, आणि घरातील आजारी माणसाकडे लक्ष ठेवण्याचे काम आपले आपणच करावे.